मदत हवी आहे: जुन्या घराचा दुर्लक्षित माळा, सुरुवात कुठून करावी?

कौलारू छप्पर, खाली लाकडी तुळया, त्यांवर फळ्यांचा माळा. फळ्यांवर दोन ठिकाणी काळपट डाग, एका वाशाखाली पिठासारखा भुसा, कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या, कापडी वेष्टणाची जुनी वायर. काम सुट्टीच्या दिवशी थोडं थोडंच होणार. आधी प्लायवूड ठोकून जमीन पक्की करून घेऊ का?

प्रतिसाद १
प्लायवूड अगदी शेवटी. आत्ता ठोकलंत तर डाग, कीड, वायर सगळं झाकलं जाईल आणि ओल आतच कोंडेल. तोवर तुळयांवर आडव्या दोन जाड सुट्या फळ्या टाका आणि पाय त्यांवरच ठेवा.

पहिलं काम गळती. भर उन्हात वरचा दिवा मालवून बघा, फुटलेल्या कौलातून उजेड दिसतो. पण पाणी वाशावरून घरंगळत बरंच खाली येऊन टपकतं. म्हणून डागाच्या थेट वर न शोधता वाशाच्या कडेने आढ्याकडे माग काढत जा. डागाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका. पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालूच आहे. कौलांखाली वाशांना चिकटवून प्लास्टिक मात्र लावू नका, त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि लाकूड कुजतं.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ छातीत जाते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून फवारा, पाच मिनिटांनी कागदाने टिपून घ्या. छोटा उंदीर ६ मिमीच्या फटीतूनही शिरतो, त्यामुळे फटींवर लावायची जाळी त्याहून बारीक हवी.

प्रतिसाद २
भुसा झाडून खाली काळा कागद पसरा. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पीठ पडलं तर लाकूड पोखरणारा भुंगेरा जिवंत आहे. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण उघड्या लाकडावर दोन हात द्या, रंग किंवा व्हार्निश असेल तर आधी खरवडा. हे रसायन पाण्याने धुऊन जातं, म्हणून गळती थांबल्यावरच.

मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. नळीचा दोन इंच तुकडा मोडून ठेवा, चार दिवसांत बुजवला गेला तर वारूळ चालू आहे. नुसती नळी पुसून काही होत नाही, ती जमिनीतून येते.

धागाकर्ता
एका तुळईचं भिंतीत जाणारं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचलं, अर्धा इंच सहज आत गेला. बाकी तुळई टणक आहे.

प्रतिसाद १
टोकच सडतं, कारण ओल्या भिंतीतलं पाणी लाकूड आडव्या कापातून शोषतं. त्या तुळईवरचं सामान आजच उतरवा. खालून टेकू द्या, टेकूखाली जाड फळी घाला म्हणजे भार पसरेल. मग दोन्ही बाजूंनी तुळईच्याच उंचीच्या फळ्या लावून १२ मिमीचे बोल्ट आरपार घाला. जोड सडक्या भागापलीकडे निदान दोन-तीन फूट चांगल्या लाकडावर यायला हवा. नवी टोकं भिंतीत टेकतील तिथे खाली डांबरी फेल्ट घाला आणि बाजूंनी हवेला बोटभर जागा सोडा. तुळई मोठ्या खोलीवरची असेल तर टेकू लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

प्रतिसाद ३
कापडी वायरचं आतलं रबर वाळून कडक होतं, हलवली की तडकतं. मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका. ती काढून पाइपातून नवी ओढून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. हे काम इलेक्ट्रिशियनचं, आणि ते प्लायवूडच्या आधी.