रामसे म्हणजे नुसते मुखवटे नव्हेत

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या सिनेमात रबरी मुखवट्यांपलीकडे काही नव्हतं, असं म्हटलं जातं; ते मला अजिबात पटत नाही.

वडील फतेहचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबईला आले, पुढे सिनेमात पडले. १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' आपटला. पण मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात हे त्यांच्या मुलांनी, तुलसी आणि श्याम यांनी, बरोबर हेरलं. त्यातूनच १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. दिग्दर्शन या दोघांचं, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा. सातही भाऊ याच धंद्यात! एवढ्या तुटपुंज्या पैशात हे घरच्या माणसांच्याच जोरावर जमलं.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात भाड्याचा व्हीसीआर आणून रामसेंचा 'पुराना मंदिर' पाहिला होता. मे महिना, नागपूरचं ऊन, रात्रीही भिंती तापलेल्या. कूलरमधलं पाणी संपलं, पण अंगणातल्या नळावर जायला एक पोरगं उठेना. मी बादली घेऊन उंबऱ्यावरच थबकलो. आजी म्हणाली, "जा ना बाप्पा, काही खात नाही तो!" तरी त्यातला सैतान सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवालचे डोळे समोरून हटेनात. ती ताकद मुखवट्याची नाही, तो चेहरा निवडणाऱ्या नजरेची आहे.

श्याम रामसे २०१९ मध्ये गेले. त्यांचा 'वीराना' मोठ्या पडद्यावर पाहायचा माझा अजून राहिलाय.