हॉलच्या खिडकीचा रॉड

बी-३०२: नमस्कार मंडळी. हॉलच्या आठ फुटी खिडकीचा रॉड पार वाकलाय. दिवाळीआधीच बसवला होता. पडदा मधेच अडतो. बसवणारा फोन उचलत नाही. कोणाकडे चांगला माणूस आहे का?

ए-१०१ काका: मधे ब्रॅकेट आहे का?

बी-२०२: म्हणजे परत ड्रिल? वहिनी, मागच्या वेळी भर दुपारी ठोकाठोक झाली, बाळ दचकून उठलं.

बी-३०२: ताई, त्याबद्दल तेव्हाच सॉरी म्हटलं होतं. तुमच्या किचनच्या फरशीचं काम चाललं तेव्हा आम्ही ब्र काढला नाही.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏

सी-४०१: आमच्या जुन्या घरी स्प्रिंगची तार होती. रॉड नाही, भांडण नाही 😄

ए-१०१ काका: मधे ब्रॅकेट आहे का?

बी-३०२: नाही काका, दोन टोकांनाच. दुकानदार म्हणाला लागत नाही. खेचून लांब करायचा रॉड आहे.

बी-४०३: तिथंच घोळ. त्यात एका नळीत दुसरी बारीक नळी असते. पूर्ण खेचली की जोडापाशी जोर राहत नाही, त्यावर तुमचे जाड ब्लॅकआउट पडदे. एकसंध २५ मिमीचा पाइप घ्या, १९चा नको. खिडकी ९६ इंच, दोन्हीकडे ८-८ इंच जास्त धरा. ११२ इंच, म्हणजे ९ फूट ४ इंच. पडदे भिंतीवर सरकतात, काच मोकळी होते.

बी-३०२: माझा रॉड खिडकीएवढाच आहे, म्हणून पडदे उघडूनही अंधार! पण मधल्या ब्रॅकेटला रिंगा अडतील ना?

बी-४०३: डावीकडचे पडदे डावीकडेच, उजवीकडचे उजवीकडेच. ब्रॅकेट ओलांडायचाच नाही. ४ फुटी चार पडदे लावा, दोन लावले तर चुण्याच पडणार नाहीत.

ए-१०१ काका: मी तेच विचारत होतो. मधला ब्रॅकेट. कोणी वाचत नाही.

बी-४०३: काका, बरोबर आहे तुमचं. वहिनी, खिडकीवर काँक्रीटचा लिंटेल (आडवी तुळई) आहे, साध्या ड्रिलने भोक पडणार नाही. हॅमर ड्रिलवाला बोलवा.

सेक्रेटरी: ड्रिल सकाळी १० ते १. दुपारी अजिबात नाही.

बी-२०२: नियम आधीही होता.

बी-३०२: शनिवारी ११ला करते. ताई, आधी तुम्हाला फोन करेन.

बी-२०२: चालेल. मग त्याला आमच्याकडेही पाठवा, बेडरूमची खिडकी सहा फुटी आहे.

बी-३०२: पाठवते. माप चौकटीच्या बाहेरून घेऊन ठेवा.