हिमालयन ४५० की व्ही-स्ट्रॉम २५०? उंची पाच-पाच, गाव गुहागर तालुका

सडा_ते_समुद्र:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे १५० सीसीची साधी गाडी आहे, ११ वर्षं झाली, ८० हजार किमीच्या पुढे गेलीय आणि खरं सांगायचं तर तिने कधी रस्त्यात उभं केलं नाही. पण आता चाळिशी आली, पाठ बोलायला लागली. महिन्यातून एकदा गावी जातो, म्हणजे पुणे-सातारा-उंब्रज-पाटण-कोयनानगर आणि मग कुंभार्ली उतरून चिपळूण-गुहागर, पावणेतीनशेच्या आसपास होतात, मागे बायको, येताना आईने बांधून दिलेले तांदूळ, कोकम आणि मे महिन्यात फणस. हायवेला ट्रक ओव्हरटेक करताना गाडीचा जीव जातो आणि घाटात खड्डे सुरू झाले की आमचा.

रोजचं कोथरूड-हिंजवडी जाऊन येऊन ४० किमी, ते कसे असतात ते पुणेकरांना सांगायला नको.

तर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मनात भरलीय, २०२३ ला आली तेव्हापासून. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५० डोक्याला पटतेय. त्यात सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्याच्या वर थेट ४०, म्हणजे जी आवडली ती नेमकी महाग झाली आणि जी परवडत होती ती अजून स्वस्त. आमचं नशीब.

खरी अडचण उंचीची. मी पाच फूट पाच. ४५० वर शोरूममध्ये बसून बघितलं, दोन्ही चवडे टेकतात, टाचा हवेत. सेल्समन म्हणाला सवय होते सर. होते का खरंच? कारण आमच्या घरापर्यंतचा शेवटचा दीडशे मीटर उतार आहे, अर्धा सिमेंटचा, पुढे जांभा दगड बसवलेला, पावसाळ्यात त्यावर शेवाळ, आणि विहिरीपाशी काटकोनात वळण.

लडाखला वगैरे जायचं नाहीये. निदान बायकोला तसं सांगितलंय.

घाटमाथ्यावरचा:

"लडाखला जायचं नाहीये" हे मीपण म्हणालो होतो २०१९ ला. चालू द्या, वाचतोय.

तिरका_स्टँड:

४५० आहे माझ्याकडे, १४ महिने, १९ हजार किमी, उंची पाच-सहा, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

हायवे आणि घाट याबद्दल जास्त लिहीत नाही, ४० पीएस ताकद आणि ४० एनएम टॉर्क आहे, कुंभार्लीत डबलसीट सामानासकट तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते, पुढे-मागे दोन्हीकडे २०० मिमी सस्पेन्शन ट्रॅव्हल असल्यामुळे खड्डा आला की तुम्ही नुसते उभे राहा पेगवर (पाय ठेवायच्या खुंटीवर), गाडी बघून घेते. टाकी १७ लिटरची, मला २८-३० चं ॲव्हरेज मिळतं म्हणजे पुणे-गुहागर जाऊन चिपळूणपर्यंत परत येईपर्यंत पंपाकडे बघायला लागत नाही. हिंजवडीत सिग्नलला मात्र फॅन चालू होतो आणि नडगीवर गरम हवा येते. लिक्विड कूल्ड ४००-४५० सीसीची सिंगल सिलिंडर गाडी कुठलीही घ्या, हे असणारच, फुल पँट घाला आणि विसरा.

आता उंचीचं. सगळे चालत्या गाडीचं टेन्शन घेतात. चालत्या गाडीला तुमची उंची किती ते कळतपण नाही. मी आजपर्यंत तीनदा पाडलीय आणि तिन्ही वेळा स्पीड शून्य होता.

त्यातली एक सांगतो, तुमच्याच भागातली आहे. हेदवीवरून तवसाळ जेट्टीला गेलो, जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रांगेत उतारावर उभा. पुढची गाडी दोन फूट सरकली, मी पण सरकवली, उजवा पाय टेकवला आणि तिथे रस्ताच नव्हता, कडेला चार बोटं खाली खचलेलं होतं. सपाटीवर चवडा टेकतो म्हणजे चार बोटांची शिल्लक तुमच्याकडे नाहीये हे तेव्हा कळलं. गाडी कलली, एका ठरावीक कोनापर्यंत मांडीने धरून ठेवता येते, त्याच्यापुढे १९६ किलो आहेत ते, सोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. धरायला गेलात तर गाडीबरोबर गुडघा पण जातो.

मग मी हिरोसारखा हँडल धरून हाताने उचलायला गेलो, दोनदा, पाय सरकले. फेरीवरचा खलाशी बघत होता, तो म्हणाला, "पाठ लावा ओ, हाताने काय व्हनार." आणि खरंच तीच पद्धत आहे. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आत्ताच बाहेर काढायचा, नाहीतर उचलताना डावीकडे पडते (माझी पहिली वेळ अशीच गेली, एका झटक्यात दोन्ही आरसे गेले). पहिला गिअर टाकायचा म्हणजे घरंगळत नाही. हँडल पूर्ण वळवून लॉक, खालची मूठ टाकीजवळ येईल असं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवायची, एक हात मुठीवर, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि खाली बसून पायांनी रेटत छोटी छोटी पावलं मागे. पाठ वाकवायची नाही. जांभ्यावर शेवाळ असताना हे जमणार नाही, तिथे माणूस बोलवा.

टेस्ट राईडला हायवेवर १२० करून काय मिळतं, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प बघा. बायकोला मागे बसवा, रॅम्पवर मध्यात थांबवा, परत निघा.

रंकाळ्याकाठी:

भावा, मी व्ही-स्ट्रॉमवाला, कोल्हापूर, दोन वर्षं होत आली, २६ हजार. एक गंमत सांगतो, तू सीटची उंची सीटची उंची करतोयस ना, माझ्या गाडीची सीट तुझ्या ४५० पेक्षा उंच हाय. ८३५ मिमी. त्यांची ८२५. आणि मी पण पाच-पाचच. तरी अजून पाडली नाही, कारण वजन १६७. मधले २९ किलो म्हणजे सिमेंटचं अर्ध्याच्या वर पोतं, आणि ते पोतं गाडी कलल्यावरच अंगावर येतं, एरवी कुठं दिसत नाही.

अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर, पुढं १९ इंच. आंबा घाटात खिळा घुसला तर स्वतः प्लग मारून वीस मिनिटांत निघालो, चहा पण झाला त्यात.

आता उणं पण सांगतो नाहीतर म्हणशील आपल्याच गाडीची बाजू घेतली. २६.५ पीएस हाय, डबलसीट आणि फणसासकट पुणे-सातारा हायवेला ९०-१०० पर्यंत निवांत, त्याच्यावर ओढायची म्हटली तर ओरडते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) बंद करता येत नाही, खडीच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला की सोडतो-धरतो करत बसतो, लई पुढं जाते गाडी. ४५० ला मागचं एबीएस बंद करता येतंय. टाकी १२ लिटरच. पण तुझं ऐकून असं वाटतंय की महिन्यातले २६ दिवस तू हिंजवडीला जाणारेस की रं.

चवडेवाली:

पाच फूट दोन इंच, २०१९ पासून जुनी हिमालयन ४११ चालवते. सीट ८०० होती म्हणून घेतली होती, तेव्हा घरचे म्हणाले पाय पुरणार नाहीत, पुरले नाहीतच, पण दोन्ही पाय लागतात कशाला? थांबताना कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. कुठे थांबणार हे थांबायच्या आधी दहा फूट ठरवायचं, कुठली बाजू उंच आहे ते बघून. हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले.

दोन गोष्टी नक्की करू नका. एक, गॅरेजवाला म्हणेल मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी दोन इंच खाली घेतो. घेतो खरं, पण साईड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्याने सुद्धा उजवीकडे जाते. ग्राउंड क्लिअरन्स गेला तो वेगळाच, मग घेतली कशाला अशी गाडी. दोन, सीटचा फोम कापू नका, शंभर किमीनंतर कळेल. ४५० ला कंपनीचीच लो सीट मिळते, ८०५ मिमीला येते, शोरूमला आधी फोन करून ती लावून ठेवायला सांगा आणि मगच टेस्ट घ्या.

आणि मागे बसणाऱ्याचं कोणीच लिहीत नाही. अशा गाड्यांवर पिलियन चढताना-उतरताना सगळ्यात जास्त पडतात. घोड्यावर चढल्यासारखं डावा पाय पेगवर देऊन उभं राहायचं आणि मग पाय टाकायचा, पण चालवणाऱ्याने "हां, बस" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. वहिनींना साडीत बसायचं असेल तर विषयच वेगळा, एका बाजूला बसून या गाडीवर घाट उतरू नका, कृपा करून.

सदाशिव_नाशिक:

ताईंना +१, फोम कापण्याबद्दल तर +१०००.

माझं थोडं मेंटेनन्सचं. चेनची गाडी आहे, कव्हर नाही, दर ५००-६०० किमीला साफ करून लूब, पावसात त्याच्याही आधी. रॉकेल मिळालं तर उत्तम, क्लीनर स्प्रे चालतो, पेट्रोल लावू नका, चेनच्या रबरी ओ-रिंग खातं. किनाऱ्यावरून आलात तर खालून धुवा, मीठ बसतं. (वाळूत गाडी घालणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना समुद्रच सांगतो.)

४५० घेणार असाल तर ट्यूबलेस स्पोकचं व्हर्जन बघा. ट्यूबवालं सेकंडहँड वगैरे मिळत असेल तर २१ इंचाची एक ट्यूब कायम बॅगेत ठेवा. पाटणच्या पुढे पंक्चरवाल्याकडे १७-१८ सगळं असतं, २१ नसते. आणि अडल्यावर हीच पुढची ट्यूब मागच्या १७ मध्ये घालून हळूहळू घरी येता येतं, मी आलोय मालेगाववरून. ट्यूब असेल तर खडीसाठी हवा खूप कमी करायचा शहाणपणा करू नका, रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात.

बाकी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर कोणी सुचवली नाही अजून? जुनीची सीट ८५५, म्हणून असेल.

तिरका_स्टँड:

@सडा_ते_समुद्र, कोथरूडला असाल तर रविवारी सकाळी या. गाडी आडवी करतो, तुम्ही उचलून बघा. मी सिरियसली बोलतोय. क्रॅश गार्ड आहेत, काही होत नाही तिला.

सडा_ते_समुद्र:

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, उशीर झाला, ऑफिस.

जाऊन आलो रविवारी. तिरकाभाऊंनी सोसायटीच्या मागे जुनी गादी अंथरून त्यावर गाडी आडवी केली, वॉचमन धावत आला की अपघात झाला. पहिल्यांदा मी उचलली पण पाठीतून कट्ट आवाज आला, मी बसलो. मग बायको म्हणाली तुम्ही हाताने ओढताय, सांगितलंय काय आणि करताय काय, आणि तिने पाठ लावून तीन पावलांत उभी केली. स्टँडसकट. वॉचमनने टाळ्या वाजवल्या, मी फोटो काढत होतो असं दाखवलं.

काल दोन्ही गाड्यांच्या टेस्ट घेतल्या, आमच्या पार्किंगच्या रॅम्पवर, दोघं बसून. व्ही-स्ट्रॉम रॅम्पवर थांबवून परत काढताना काहीच वाटलं नाही, ८३५ असूनसुद्धा, कोल्हापूरकरांना मानलं. ४५० ला लो सीट लावून ठेवली होती, टाच जवळपास टेकली, पण मध्यात थांबल्यावर बायको मागे जरा हलली तेव्हा पोटात गोळा आला. पडली नाही. पण नंतर सरळ रस्त्याला निघालो आणि खड्ड्यांच्या पट्ट्यावरून साठने गेलो तेव्हा मागून आवाज आला, "हीच घ्या." पाठ तिचीही बोलते म्हणे, मला ११ वर्षांत सांगितलं नाही.

त्यामुळे ४५०, ट्यूबलेस, लो सीट, पैसे भरलेत. रोज हिंजवडीला जुनीच नेणार, विकत नाहीये.

राहिला तो उतार. बाबांना फोन केला की पावसाळ्याआधी जांभ्यावर सिमेंट मारून घेऊया का, खर्च मी देतो. ते म्हणाले, "कशाला? वर सड्यावर, माळावरच्या देवळापाशी लाव नि चालत ये खाली. सगळी वाडी तेच करते."

हे मला सुचलंच नव्हतं.

रंकाळ्याकाठी:

अभिनंदन भावा. मग येताना फणस वर कोण चढवणार?