बेडशीट : २१० थ्रेड काउंट की १०००? अर्जंट

पन्हाळा_रोड : राजारामपुरीतल्या दुकानात २१० वालं बघितलंय, ऑनलाइन १००० वालं त्याच्याहून स्वस्त मिळतंय. दुकानदार म्हणतो २१०च घ्या. जास्त आकडा म्हणजे भारी, एवढं मलाही कळतं. मग हा माझ्या गळ्यात काय मारतोय? शनिवारी पाहुणे आहेत, पटकन सांगा.

रंकाळ्यावरचा : कापड कुठलं? गादी केवढी? काहीच लिहिलं नाहीस भावा.

पन्हाळा_रोड : डबल बेड. बेडशीट म्हणजे कॉटनच की ओ.

सोलापूरची_सून : सोलापुरी चादर घ्या, वीस वर्षं बघायला नको.

माग_इचलकरंजी : ताई, ती पांघरायची. ह्यांना अंथरायला पाहिजे.
एका चौरस इंचात ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे मिळून तो आकडा होतो. उभे १३०, आडवे ८०, झाले २१०. एकपदरी सुती धागे चारशे-पाचशेच्या पुढं इंचात मावतच नाहीत. मग चौपदरी सूत घ्यायचं, प्रत्येक पदर वेगळा मोजायचा आणि २५० च्या कापडावर १००० छापायचं. नाहीतर ते पॉलिस्टर.

पेठेतला_जावई : सरसकट बोलू नका. माझं ६०० वालं आहे, हात फिरवला की लोण्यागत.

माग_इचलकरंजी : ती साटीन वीण. धागा तीन-चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली बुडतो, म्हणून चमक. घासून बारीक गोळेही लवकर येतात. साध्या विणीचं २१० खरखरीत वाटेल, पण हवा खेळते. आणि जुलैत आपल्याकडं ते जाड प्रकरण वाळवणार कुठं?

पेठेतला_जावई : ड्रायर आहे.

माग_इचलकरंजी : मग विषयच संपला.

रंकाळ्यावरचा : पन्हाळा, त्या ऑनलाइनवाल्याच्या खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाच आधी.

पन्हाळा_रोड : ‘कॉटन फील’. म्हणजे कॉटनच ना?

रंकाळ्यावरचा : 😂 नुसता ‘फील’ हाय त्यो. १०० टक्के कॉटन लिहिलं नसेल तर सोड.

माग_इचलकरंजी : दुकानातल्याचाही काठाचा एक दोरा ओढून जाळून बघा. कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. वितळून टोकाला टणक गाठ झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. आणि गादीची जाडी सांगा, दुसऱ्यांदा विचारतोय कोणीतरी.

पन्हाळा_रोड : मोजली. ७२ बाय ७८, जाडी ८ इंच. दुकानातलं ९० बाय १०० आहे.

माग_इचलकरंजी : ७२ मध्ये दोन्ही बाजूंचे ८-८ मिळवा, ८८ झाले. खाली खोचायला एकेक इंच राहतो. रात्रीत गोळा होणार. १०८ बाय १०८ मागा.

सोलापूरची_सून : इलास्टिकवालं घ्या ना मग.

पेठेतला_जावई : इलास्टिक वर्षात ढिलं पडतं.

पन्हाळा_रोड : १०८ वालं आहे, पण एकट्या मरून रंगात. पहिल्या धुण्याला रंग जाईल का?

सोलापूरची_सून : जाईल. वेगळं धुवा. आणि उशांच्या खोळी मोजून घ्या, माझ्यात एकच निघाली होती.