वेदान्त पडद्यावर उतरतो का?

दृश्यवेडा
नऊ मिनिटांचा लघुपट करतोय. संवाद नाहीत, पार्श्वसंगीत नाही. पाण्याने भरलेल्या तीन घागरी, तिन्हींत एकेक सूर्य. वारा सुटतो, एका घागरीतला सूर्य थरथरतो. वरच्याला त्याचा पत्ताही नाही. वेदान्तातला प्रतिबिंबाचा दृष्टान्तच हा: मन हललं तरी आत्मा हलत नाही. माझं म्हणणं, आतली शांतता दाखवायला सिनेमासारखं माध्यम नाही. रमण महर्षीही पडद्याचंच उदाहरण द्यायचे: चित्रातल्या आगीने पडदा जळत नाही, पाण्याने भिजत नाही. पटतंय का?

काटछाट
नाही. तुम्ही दृष्टान्ताचं चित्र काढलंत, अनुभव कुठाय? ज्याने आधी ऐकलंय त्याला कळेल, बाकीच्यांना तीन घागरी दिसतील. आणि पडद्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. सिनेमा रंगला की पडद्याचा विसर पडतो. पडदाच दिसायला हवा असेल तर सिनेमा बंद करा की!

दृश्यवेडा
बंद कशाला? शॉट लांबवायचा. घागरींचा चाळीस सेकंदांचा आहे. सहा जणांना दाखवला. आधी सगळे पाण्याकडे बघत होते, मग चुळबुळ सुरू झाली. एक जण नंतर म्हणाला, "मला कंटाळा आलाय हे मी बघत बसलो होतो." साक्षी, म्हणजे मनात चाललेलं नुसतं बघणारा, आणखी काय असतो?

काटछाट
कंटाळा असतो तो! नाहीतर रांगेत ताटकळणारा प्रत्येक जण जीवन्मुक्त, जिवंतपणीच मुक्त झालेला, म्हणायचा.

तिसरी घंटा
हाहा, रांगेचं खरंय. पण संथ म्हणजे शांत हे तुम्ही दोघांनीही धरूनच चाललाय. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) आठवा. तुकाराम झालेल्या पागनीसांच्या चेहऱ्यावरची शांतता उठून दिसते ती जिजाईच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे. घरात दाणा नाही, ती कडाडतेय, आणि हा माणूस ढळत नाही. (भक्ती वेगळी, वेदान्त वेगळा, हे माहीत आहे, त्यावर वेगळा धागा काढा.) जी. व्ही. अय्यरांच्या 'आदि शंकराचार्य'मध्ये (१९८३) तर मृत्यूच माणूस होऊन शंकरांच्या सोबतीला असतो. संस्कृत चित्रपट, भाषेत माझी बोंब, तरी तो सोबती डोक्यातून जात नाही.

काटछाट
जिजाईचा मुद्दा मान्य. संकलनाच्या टेबलावर रोज हेच बघतो, आधी गोंगाट असेल तरच शांतता ऐकू येते. पण तो तुकारामांचा स्वभाव दाखवणं झालं. मांडूक्य उपनिषदातली सुषुप्ती, म्हणजे स्वप्नही नसलेली गाढ झोप, कशी दाखवणार? काळा पडदा? काळंही दृश्यच, आणि तुरीय, म्हणजे जागृती, स्वप्न, झोप या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था, तर त्याच्याही पलीकडे. बघणाऱ्याकडे कॅमेरा वळवलात की तोही बघितला जाणारा होतो. ही अडचण भिंग बदलून सुटणारी नाही.

दृश्यवेडा
शेवटी पाच सेकंद काळा पडदाच ठेवला होता. नेमकं बोट ठेवलंत. काढतो. घागरी मात्र राहणार.

काटछाट
राहू द्या. पण त्या चाळीस सेकंदांच्या आधी कुणाला तरी भांडू द्या.