हलवाहलवीनंतर फ्रिज थंड होईना : काय तपासायचं, काय बदलायचं?

फ्रिज नव्या जागी आला, दिवा लागतो, आवाजही येतो, पण बर्फ काही धरत नाही. ज्यांचा यात हात बसलेला आहे त्यांनी लिहावं. लक्षण, तपासणी, भाग, एवढंच नेमकं हवंय.

*

पहिला प्रश्न: आडवा आणला होता का? कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असतं, ते आडवं केल्यावर नळ्यांत उतरतं. सक्शनकडे (गॅस कॉम्प्रेसरमध्ये ओढून घेणाऱ्या नळीकडे) गेलेलं बहुधा परत येतं. डिस्चार्जकडे (दाबलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीकडे) गेलेलं मागच्या जाळीतून पुढे सरकून कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत अडकतं, आणि तिचं भोक १ मिलिमीटरहूनही बारीक. जितका वेळ आडवा होता तितका वेळ, निदान ४ तास, बटण न लावता उभा ठेवा. रात्रभर आडवा असेल तर २४ तास. चालू करून बसला असाल तरी बंद करा आणि वाट पाहा, मग पुढची चिकित्सा.

*

कान लावा. थोडी घुर्र, मग ‘टिक’, मग शांतता, काही मिनिटांनी पुन्हा तेच, असं असेल तर ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला वाचवायला वीज तोडणारा भाग) उडतोय. प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूचं झाकण उघडा, पीटीसी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) ओढून काढा आणि कानाशी हलवा. आत खडखडलं तर चकती फुटली, रिले बदला. शाबूत असेल तर कॉम्प्रेसरच्या तीन पिना (कॉमन, रन, स्टार्ट) मल्टीमीटरने मोजा: रन-स्टार्टमधले ओहम हे कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट यांच्या बेरजेइतके यायला हवेत. कुठलीही पिन बॉडीशी जोडलेली दाखवली तर कॉम्प्रेसर गेला.

*

वरचं गणित साध्या कॉम्प्रेसरचं. इन्व्हर्टरवाल्यात (वेग कमी-जास्त होणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये) तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा आकडा येतो. त्याला थेट मेन्सची वायर लावून ‘चालतो का बघू’ हा उद्योग करू नका, कॉम्प्रेसर हातचा जाईल. आधी बोर्डावरचे कनेक्टर दाबून बघा, धक्क्याने तेच सैल होतात.

*

सुरू होताना आणि बंद होताना धाडकन आदळल्यासारखा आवाज येतो का? आतली मोटर स्प्रिंगवर बसलेली असते, ती निसटलीय. धक्क्यात आतली डिस्चार्ज नळीही तुटू शकते. मग कॉम्प्रेसर मजेत गुणगुणतो पण दाब तयार करत नाही: दाब मोजणारं गेज लावून चालू केलं तरी सक्शनचा काटा खाली येत नाही. याला गॅस भरून उपयोग शून्य. कॉम्प्रेसरच बदलायचा.

*

‘गॅस कमी आहे, भरून टाकतो’ असं कोणी म्हणालं की विचारा, गेला कुठून? मागची जाळी भिंतीला किंवा गाडीला दाबली गेली असेल तर तिचे वाकलेले कोपरे, आणि कॅपिलरी फिल्टरला (ओल शोषणाऱ्या छोट्या नळकांड्याला) जोडते ती जागा आधी बघा. तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की गळती सापडली. बाष्पकाच्या (आतल्या थंड होणाऱ्या नळ्यांच्या) सुरुवातीच्या तुकड्यावरच दव गोठतंय आणि पुढचा कोरडा, हेही कमी गॅसचंच लक्षण.

फ्रिजमधला गॅस आर६००ए (आयसोब्युटेन) असेल तर गळती शोधायला लावलेला साबणाचा फेस फसवतो. चालू असताना सक्शन बाजू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर असते. बुडबुडा येत नाही, उलट हवा आणि ओल आत ओढली जाते. गॅस मोकळ्या हवेत सोडून, नायट्रोजन साधारण १० बार भरून, मग फेस लावायचा. हा गॅस पेट घेतो, तेव्हा जुन्या नळीला थेट ज्योत नको, कटरने कापा. जोड झाल्यावर नवा फिल्टर, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे दाबाचं माप) व्हॅक्यूम, आणि फ्रिजच्या पाटीवर लिहिलेलंच गॅसचं वजन, डिजिटल काट्यावर. घरगुती फ्रिजला ते बऱ्याचदा ४०-७० ग्रॅमच असतं, त्यामुळे अंदाजे भरलेले १० ग्रॅम जास्तही महागात पडतात.

*

फ्रीझर गोठतोय आणि खालचा कप्पा कोमट? मग गॅसला दोष देऊ नका. फ्रॉस्ट-फ्रीमधला (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमधला) पंखा शाफ्टवरून सरकून बर्फाला किंवा कव्हरला घासतोय का बघा. दाराचं स्विच दाबल्यावर पंखा फिरायला हवा.

*

एकदारी फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटची बारीक नळी बाष्पकाच्या पट्टीतून निसटते. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. ती नळी दुमडून तुटली तर उलट होतं: सुरूच होत नाही. प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन वायरी जोडा, इन्सुलेशन टेप लावा, मग प्लग लावा. चालला तर थर्मोस्टॅट बदला, टेपवर चालवत राहू नका.

*

दार लोंबलं असेल तर बिजागरी वाकलीय. कागद दारात धरून चारही बाजूंनी ओढा, सहज निघेल तिथे रबर बसत नाही. हेअर ड्रायरने ते गरम करून बाहेर ओढा, दार बंद करून थंड होऊ द्या. आणि पुढचे पाय किंचित उंच.