शाफ्ट बदलाच, पण वेल्डिंग नको

दादा, तुम्ही विचारलंय की प्रीमियर पद्मिनी गाडीच्या स्टिअरिंगचा शाफ्ट (दांडा) मधे कापून क्रॉस (कोनातही फिरणारा सांधा) वेल्ड करून घेतला तर चालेल का. वेल्डिंग अजिबात नको. वेल्डच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि तडा गेलेला वरून दिसतही नाही.

मूळ कल्पना मात्र बरोबर आहे. सरळसोट अखंड दांडा समोरून धडक बसली की भाल्यासारखा छातीवर येतो. म्हणून तर अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून स्टिअरिंग मागे किती सरकावं यावर नियमाने मर्यादा आली. एकात एक सरकणारा दुहेरी नळीचा शाफ्ट घ्या आणि दोन क्रॉस घालून रेषा मोडा, म्हणजे धक्का बसला की तो आत सरकतो, दुमडतो.

आता माझी फजिती. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीचं हेच काम करून घेतलं आणि घोडबंदरला गायमुखच्या वळणावर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं! दोन क्रॉसमधल्या तुकड्याचे दोन्ही योक (क्रॉस धरणारी दुफाटी टोकं) एका रेषेत नव्हते, एवढंच. मिस्त्री म्हणे, "साहेब, ग्रीस मारा." ग्रीसने काय होणार, कपाळ! एक योक फिरवून बसवला आणि त्रास गेला.

क्रॉस शाफ्टला धरून ठेवणाऱ्या स्क्रूसाठी शाफ्टवर ड्रिलने खळगा पाडून घ्या, वर लॉकनट. आणि हो, चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून शाफ्ट एक्झॉस्टला घासत नाही ना, ते आधी बघा.